पेनाच्या रेखाटनावर जलरंगाचे वॉश: तयारी, क्रम आणि हमखास होणाऱ्या चुका

रेखाटन झकास उतरतं आणि रंगाचा पहिला वॉश, म्हणजे पाण्यात पातळ कालवलेल्या रंगाचा थर, टाकताच काळी रेघ फुटून पिवळ्या भिंतीत उतरते. किंवा रेघ टिकते, पण रंग वाळल्यावर सगळं चित्र धुरकट दिसतं. किंवा कागद पापडासारखा फुगतो आणि त्याच्या खळग्यांत रंग साचून डबकी होतात. या तिन्ही गोष्टींचा निकाल ब्रश पाण्यात बुडवण्याआधीच लागलेला असतो. शाई कोणती घेतली, कागद कोणता घेतला आणि रेखाटताना रंगासाठी जागा ठेवली का, यावर पुढचं जवळजवळ सगळं ठरतं.

म्हणून इथे निम्म्याहून जास्त जागा तयारीला दिली आहे. उदाहरणाला एकच विषय शेवटपर्यंत धरू: गिरगावात खोताच्या वाडीत दिसतं तसं दुमजली घर, वर मंगलोरी कौलं, पुढे लाकडी गॅलरी, बाहेरून चढणारा जिना. कागद ए-४. काम दोन दिवसांत विभागा: पहिल्या दिवशी पेन, दुसऱ्या दिवशी रंग. एकाच बैठकीत दोन्ही उरकण्याचा हट्ट हेच निम्म्या बिघाडांचं मूळ आहे.

## १. शाईची परीक्षा

शाई दोन प्रकारची असते. एकीत रंग पाण्यात पूर्ण विरघळलेला असतो. ती वाळल्यावरही पाणी लागलं की पुन्हा सुटते. नेहमीच्या फाउंटन पेनची निळी किंवा काळी शाई बहुधा अशीच. दुसरीत काजळीसारखे बारीक कण असतात आणि ते वाळल्यावर कागदाला धरून बसतात. वॉशखाली ही दुसरीच चालते.

टाकाने (शाईत बुडवून वापरायच्या निबच्या पेनाने) काढणार असाल तर बाटलीवर 'वॉटरप्रूफ' लिहिलेली ड्रॉइंग इंक घ्या. तयार पेनांत पिगमेंट इंकचे, म्हणजे कणांच्या शाईचे, फाइनलायनर (बारीक टोकाची पेनं) घ्या: साकुरा मायक्रॉन, युनी पिन, स्टेडलर पिगमेंट लायनर. बारीक, मध्यम आणि जाड अशी तीन टोकं पुरतात. लाख घातलेली ड्रॉइंग इंक फाउंटन पेनात कधीही भरू नका. ती आत वाळली की पेन गेलंच समजा. फाउंटन पेनच वापरायचं असेल तर त्यासाठीच बनवलेली कार्बन शाई घ्या, प्लॅटिनम कार्बनसारखी, आणि पेन आठवडाभर बिनवापराचं पडू देऊ नका. जेल पेनांचा भरवसा नाही. एकाच दुकानातल्या दोन काळ्या जेल पेनांपैकी एक टिकतं, दुसरं वाहतं.

म्हणून वेष्टनावर काय लिहिलंय त्यावर न जाता परीक्षा घ्या. ज्या कागदावर चित्र काढायचं आहे त्याच कागदाची पट्टी कापा. पेनाने पाच जाड रेघा मारा, शेजारी वेळ लिहा. पाच मिनिटांनी, अर्ध्या तासाने, दोन तासांनी आणि दुसऱ्या दिवशी एकेका रेघेवरून ओला ब्रश तीनदा फिरवा. पाचवी रेघ तुलनेसाठी कोरी ठेवा. ब्रश पांढऱ्या टिश्यूवर पुसून बघा. टिश्यूवर राखाडी डाग आला तर ती शाई अजून तयार नाही.

> लक्षात घ्या: तीच शाई एका कागदावर दहा मिनिटांत पक्की होते आणि दुसऱ्यावर तासाभरानेही सुटते. ज्या कागदाला वरून चांगलं साइझिंग म्हणजे खळ असते, त्यावर शाई आत न मुरता पृष्ठभागावर बसते आणि पक्की व्हायला जास्त वेळ घेते. मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये हा वेळ आणखी लांबतो.

टाकाने काढलेल्या जाड रेघेच्या टोकाला शाईचा थेंब साचलेला असतो. बाकी रेघ वाळली तरी हा थेंब आतून ओला राहतो आणि नेमका तोच फुटतो. टाकाचं रेखाटन असेल तर चोवीस तास थांबाच.

## २. कागद निवडणं

शाळेतल्या ड्रॉइंगच्या वहीचा कागद इथे चालत नाही. तो पेन छान घेतो, पण पहिल्याच वॉशला चुरगळतो आणि दुसऱ्याला त्याचे तंतू सुटून लोळ्या होतात. ३०० जीएसएमचा (एका चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) जलरंगाचा कागद घ्या. कोल्ड प्रेस्ड म्हणजे किंचित खरबरीत, हॉट प्रेस्ड म्हणजे गुळगुळीत.

दोघांचेही हट्ट असतात. कोल्ड प्रेस्डवर वॉश सरळ बसतो, पण अगदी बारीक टोकाचं पेन त्याच्या उंचवट्यांवरून उड्या मारत जातं आणि टाकाची निब तंतूंत अडकून शिंतोडे उडवते. हॉट प्रेस्डवर रेघ रेशमासारखी जाते, पण रंग घसरतो, पटकन कडा धरतो आणि ओघळांच्या खुणा ठेवतो. घराचा विषय, मध्यम टोकाचं पेन आणि वॉशची पहिलीच वेळ असेल तर हलक्या पोताचा कोल्ड प्रेस्ड घ्या. गजांच्या नक्षीसारखं बारीक काम जास्त असेल तर हॉट प्रेस्ड.

शंभर टक्के कॉटनचा कागद महाग पडतो, पण त्यात रंग जास्त वेळ ओला राहतो, म्हणून मोठा वॉश सपाट बसवणं सोपं जातं. लाकडी लगद्याच्या कागदावर रंग लवकर वाळतो आणि पट्टे उमटतात. तरी सरावाला तोच बरा. फोर्टातल्या कलासाहित्याच्या दुकानांत मोठ्या आकाराची सुटी शीट मिळतात. अख्खा पॅड घेण्याआधी एक शीट आणून कापून बघणं स्वस्त पडतं. क्रॉफर्ड मार्केटजवळ अब्दुल रहमान स्ट्रीटला टेप, क्लिपा, ट्रे असलं किरकोळ सामान घाऊक भावात मिळतं. कागद मात्र हाताळून बघता येईल अशा दुकानातूनच घ्या.

तपासा: घरात वर्षभर पडलेला कागद वापरण्याआधी त्याच्या कोपऱ्यावर फिकट निळ्याचा एक फटकारा मारा. रंग टिपकागदावर पडल्यासारखा झटकन शोषला गेला किंवा गडद ठिपके उमटले, तर दमट हवेने साइझिंग खराब झालं आहे. तो कागद नुसत्या पेनाच्या कामाला ठेवा. त्यावर वॉश सुधारण्याच्या खटपटीत पडू नका.

## ३. कागद बसवणं

३०० जीएसएमचा ए-४ कागद भिजवायची गरज नसते. चारही बाजूंनी दीड सेंटिमीटर मास्किंग टेप बोर्डवर पक्की दाबून लावली की पुरे.

कागद २०० जीएसएमचा किंवा त्याहून पातळ असेल तर तो ताणून बसवावा लागतो. स्वच्छ ट्रेमध्ये तीन ते पाच मिनिटं भिजवा, एका कोपऱ्याला धरून पाणी निथळू द्या, बोर्डवर पसरा. कडांचं पाणी टिपून चारही बाजूंना तपकिरी कागदी गम टेप ओली करून लावा, निम्मी कागदावर आणि निम्मी बोर्डवर. बोर्ड १२ मिमी प्लायचा हवा. पातळ प्लाय कागदाच्या ताणाने स्वतःच वाकतो. बोर्ड आडवा ठेवूनच वाळवा. उभा ठेवलात तर पाणी खाली उतरतं आणि एक बाजू आधी ताणली जाऊन टेप सुटते.

> सावध: ताणण्याचं काम रेखाटनाच्या आधी. तयार रेखाटन भिजवायला घेतलं तर वॉटरप्रूफ शाईचाही अर्धवट वाळलेला भाग सुटतो. आणि पार्सलला लावतात ती प्लास्टिकची तपकिरी टेप वेगळी. ती ओल्या कागदाला धरतच नाही.

## ४. रेखाटन: रंगासाठी जागा सोडणं

पेनाचं पूर्ण झालेलं चित्र घ्यायचं आणि त्यात रंग भरायचा, असाच बहुतेकांचा समज असतो. पण पूर्ण झालेल्या चित्रात रंगाला करण्यासारखं काही उरलेलंच नसतं. गॅलरीखालची सावली आडव्या-तिरप्या रेघांनी काळी केली आणि वरून सावलीचा वॉशही टाकला, तर तिथे काळं भोक पडतं. कौलांची एकेक ओळ रेघेने दाखवली आणि मग तांबडा रंगही कौल-कौल करून लावला, तर डोळा छपरावरच अडकून बसतो.

नियम असा: एका जागेचं एक काम एकानेच करावं. आकार, कडा आणि पोत रेघेकडे. उजेड, सावली आणि रंग वॉशकडे. जिथे हॅचिंगचा, म्हणजे रेघांनी सावली भरण्याचा, मोह आवरत नाही तिथे वॉश निम्म्या ताकदीचा ठेवा.

क्रम असा घ्या.

१. एचबी पेन्सिलीने हलके मांडा. २बी किंवा ४बीचं शिसं वॉशमध्ये मिसळून पिवळा मळकट करतं आणि पाण्याखाली अडकलं की रबराने निघत नाही.

२. उजेड कुठून येतो ते ठरवा आणि सावलीच्या कडा पेन्सिलीने ठिपक्यांत टिपून ठेवा. सकाळच्या उन्हात ही कड वीस मिनिटांत सरकलेली असते. एकदा टिपली की तीच धरा, नंतर बदलू नका.

३. मधल्या पेनाने मोठे आकार: छपराची कड, गॅलरीची चौकट, जिना, दारं-खिडक्या. उजेडाच्या बाजूची रेघ मध्ये-मध्ये तुटू द्या. बंद चौकटी दिसल्या की हात आपोआप त्या भरायला जातो. तुटलेल्या रेघेवरून रंग मोकळा वाहतो.

४. सावलीच्या बाजूची आणि जवळच्या वस्तूंची रेघ जाड पेनाने. लांबच्या गोष्टी, मागची इमारत, पाण्याची टाकी, नारळाचं झाड, बारीक पेनाने आणि अर्धवट.

५. पोत फक्त नमुन्यापुरता. कौलांच्या चार-पाच ओळी कडेला स्पष्ट काढा, बाकी छप्पर रिकामं. कठड्याच्या लाकडी नक्षीची एक-दोन खणं पूर्ण, पुढची नुसत्या उभ्या रेघांत.

विजेच्या आणि केबलच्या तारा आत्ता काढू नका. मुंबईतल्या कुठल्याही गल्लीचं चित्र तारांशिवाय खोटं वाटतं हे खरं, पण त्या आकाशाच्या वॉशनंतर, कागद ठणठणीत वाळल्यावर काढायच्या. आधी काढल्या तर त्यांच्यामधल्या अरुंद पट्ट्यांत आकाश तुकड्या-तुकड्यांनी रंगवावं लागतं.

तपासा: हात थांबवा आणि बोर्ड दोन मीटर लांब ठेवून बघा. चित्र अपुरं वाटलं पाहिजे. पूर्ण वाटलं, तर ते तसंच ठेवा आणि रंगासाठी दुसरं काढा.

## ५. पेन्सिल पुसणं

शाई पूर्ण पक्की झाल्यावरच. पुसण्याआधी सावलीच्या कडांच्या खुणा वेगळ्या पट्टीवर उतरवून ठेवा. कणकेसारखा मऊ नीडेबल रबर घ्या आणि घासू नका, दाबून उचला. नेहमीचा रबर जोरात घासला की तीन नुकसानं होतात: शाईचा काळेपणा उतरतो, साइझिंग खरवडलं जातं आणि त्या जागी नंतर वॉश गडद डाग धरतो. रबराचा चुरा हाताने झटकू नका, कोरड्या मोठ्या ब्रशने काढा. तळहाताचा घाम आणि तेल लागलेल्या जागेवर रंग बसत नाही. मे महिन्यात हाताखाली कोरा कागद ठेवूनच काम करा.

## ६. रंग: कोणते आणि किती

पारदर्शक रंग हवेत. एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षेच्या वेळचे पोस्टर कलर घरात असतात म्हणून तेच काढले जातात, आणि काळ्या रेघेवर दुधाळ साय चढते. चांगल्या ट्यूबवर छोटा चौकोन छापलेला असतो: रिकामा म्हणजे पारदर्शक, अर्धा भरलेला म्हणजे मधला, पूर्ण भरलेला म्हणजे अपारदर्शक. चौकोन नसेल तर वॉटरप्रूफ शाईची जाड रेघ मारून, वाळवून, तिच्यावरून रंगाचा पट्टा ओढा. वाळल्यावर काळ्यावर रंगाचा थर दिसला तर तो इथे नको.

पाच ट्यूब पुरतात: पारदर्शक पिवळा (गॅम्बोजच्या छटेचा), यलो ऑकर, बर्न्ट सिएना, परमनंट रोज, अल्ट्रामरीन निळा. ऑकर पूर्ण पारदर्शक नसतो, म्हणून तो पातळच वापरा. काळी ट्यूब घेऊच नका. चित्रात काळं म्हणजे शाई. रंगात दुसरं काळं आलं की शाई फिकी पडते. करडा हवा असेल तर अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळा.

पहिल्या वॉशसाठी ए-४ वरच्या आकाशाला एक चमचा पाणी, म्हणजे ५ मिली, आणि भिंत-जमिनीला दोन चमचे. एका चमच्याला अर्ध्या मटाराच्या दाण्याएवढा रंग. दाटपणा कोऱ्या चहासारखा. दुसऱ्या, सावलीच्या वॉशचा दाटपणा पातळ ताकासारखा. लागेल असं वाटतं त्याच्या दुप्पट कालवा. अर्ध्या भिंतीवर रंग संपला आणि पुन्हा कालवायला बसलात, की तेवढ्यात पहिली कड वाळते. ती खूण मग जात नाही.

वाट्या खोल हव्यात. सपाट पॅलेटच्या खाचांत एवढा रंग मावत नाही. घरातल्या लहान वाट्या किंवा पांढऱ्या चिनी मातीच्या बशा उत्तम. पाण्याची भांडी दोन: एक ब्रश धुवायला, दुसरं फक्त रंगात घालायला.

ब्रश गोल, १० किंवा १२ नंबर पहिल्या वॉशला, ६ नंबर सावलीला, २ नंबर शेवटच्या खुणांना. छोट्या ब्रशने मोठी जागा भरायला जाणं ही नवशिक्याची सर्वांत सामान्य चूक आहे.

तपासा: कालवलेला प्रत्येक रंग त्याच कागदाच्या पट्टीवर लावा आणि वाळू द्या. जलरंग वाळल्यावर चांगलाच फिकट होतो. ओला रंग हवा त्याहून थोडा गडद दिसला पाहिजे.

## ७. पहिला वॉश

बोर्डच्या वरच्या कडेखाली दोन इंच जाडीचं पुस्तक सरकवा. एवढ्या उताराने रंग खाली उतरतो पण धावत नाही.

ब्रश रंगात पूर्ण भिजवून वरच्या डाव्या कोपऱ्यापासून आडवा फटकारा मारा (डावरे असाल तर उजवीकडून). फटकाऱ्याच्या खालच्या कडेला रंगाची ओली गोट साचते. पुढचा फटकारा तिला नुसता स्पर्श करत मारायचा, म्हणजे गोट खाली सरकते. शेवटापर्यंत ही गोट ओली ठेवणं एवढंच कौशल्य आहे. तळाला आल्यावर ब्रश टिश्यूवर टिपून घ्या आणि त्या कोरड्या ब्रशने गोट उचला. न उचलल्यास साचलेलं पाणी उलटं वर चढतं आणि फुलकोबीसारखा कडेचा डाग पडतो.

आपल्या उदाहरणातल्या घरासाठी क्रम: आकाश, मग उजेडातली भिंत (पातळ ऑकर), मग छप्पर (बर्न्ट सिएना, त्यात किंचित रोज), शेवटी झाडं आणि जमीन. शेजारच्या दोन जागा ओल्या असताना त्यांच्यात केसाएवढी कोरडी फट ठेवा, किंवा पहिली वाळेपर्यंत थांबा. एखाद्या ठिकाणी मुद्दाम मिसळू द्या: छपराचा तांबडा भिंतीच्या वरच्या कडेत थोडा उतरला तर छान ऊब येते.

रंग रेघेपाशी थांबवण्याची धडपड करू नका. कुठे तो रेघेच्या बाहेर जाऊ द्या, कुठे आतच संपू द्या. कठड्याची वरची कड, जिन्याच्या पायऱ्यांचा माथा आणि छपराची एक कड यांना हात लावू नका. कागदाचा पांढराच तिथला उजेड आहे. मास्किंग फ्लुइडने (रंग लागू नये म्हणून लावायच्या रबरी द्रवाने) पांढरं राखायला जाऊ नका. ते काढताना खालच्या शाईचा काळेपणाही थोडा उचलून नेतं.

> सावध: वॉश दिला की हात बांधून बसा. चमक गेली आहे पण कागद अजून ओलसर आहे, या मधल्या अवस्थेत एकही थेंब घालू नका. नवं पाणी जुन्या रंगाला ढकलतं आणि डाग पडतो. दुरुस्ती एकतर पूर्ण ओल्यावर, नाहीतर पूर्ण कोरड्यावर.

## ८. वाळणं

कागद वाळला का, ते बोटांच्या मागच्या बाजूने बघा. गार लागला तर आत ओल आहे, डोळ्यांना कितीही कोरडा दिसो. मे महिन्यात पंख्याखाली पंधरा मिनिटांत वाळतो. भर पावसात पाऊण तास लागला तरी आश्चर्य नको.

हेअर ड्रायर चालतो, पण चमक गेल्यावरच, वीस-पंचवीस सेंटिमीटर अंतरावरून, कमी वेगावर आणि सतत हलता. ओल्या रंगावर धरला तर हवा रंगाला ढकलते आणि झाडाच्या मुळांसारखे फाटे फुटतात.

## ९. सावलीचा वॉश

चित्र उभं राहतं ते इथे. पहिला वॉश फक्त स्थानिक रंग, म्हणजे वस्तूचा स्वतःचा रंग, सांगतो. घराला खोलपणा सावली देते.

सावलीसाठी एकच मिश्रण पूर्ण चित्राला. भिंत पांढरी किंवा निळसर असेल तर अल्ट्रामरीनमध्ये थोडा बर्न्ट सिएना पुरतो. पण मुंबईत पिवळ्या भिंती पावलोपावली आहेत, आणि फोर्टात मालाडच्या पिवळसर दगडाच्या इमारती आहेत. काळा घोड्याजवळचं डेव्हिड ससून ग्रंथालय त्यातलंच. त्या पिवळ्यावर निळसर सावली टाकली की दगड शेवाळल्यासारखा हिरवा दिसतो, कारण खालचा पिवळा वरच्या पारदर्शक निळ्यातून दिसतो. तिथे अल्ट्रामरीन आणि परमनंट रोज मिसळून जांभळा करा आणि त्यात बर्न्ट सिएनाचं एक टोक घाला. जांभळा पिवळ्याला शांत करतो, हिरवा होऊ देत नाही. सरावाच्या पट्टीवर वाळलेल्या ऑकरवर लावून बघितल्याशिवाय चित्राला हात लावू नका.

१. पेन्सिलीच्या पुसलेल्या खुणा पट्टीवर उतरवून ठेवल्या असतील तर समोर घ्या. सावलीचा आकार मनात सलग बघा: छपराच्या वळचणीखालून सुरू होऊन गॅलरीच्या आत, तिथून खाली जिन्याखाली, आणि जमिनीवर पडलेली. हे सगळं एकच ओलं रूप म्हणून रंगवायचं. दार, खिडकी, खांब मध्ये आले तरी थांबायचं नाही. त्यांच्या रेघा वॉशमधून दिसतातच. त्यासाठीच तर पारदर्शक रंग घेतला.

२. ६ नंबरच्या ब्रशने वळचणीपासून सुरुवात करा. एका जागेवरून एकदाच. दुसऱ्यांदा घासलं की खालचा पहिला वॉश सुटून चिखल होतो.

३. ओलं असतानाच गॅलरीच्या आत बर्न्ट सिएनाचे दोन थेंब सोडा. जमिनीवरून उडालेला उजेड तिथे येतो आणि सावली ऊबदार दिसते. सोडा आणि विसरा, ढवळू नका.

४. घराची जमिनीवर पडलेली सावली आणि वळचणीची कड धारदार ठेवा. झाडाच्या कडेला मात्र स्वच्छ ओलसर ब्रश फिरवून ती विरवा. सगळ्याच कडा धारदार असतील तर चित्र कात्रणासारखं दिसतं.

ओली असताना सावली भयानक गडद वाटली पाहिजे. इथे धीर सोडून बहुतेक जण पाणी घालतात आणि वाळल्यावर सावलीच उरत नाही. मग तिसरा, चौथा थर चढतो आणि कागद मरतो. दोन फिकट थरांपेक्षा एक धीट थर केव्हाही ताजा दिसतो.

तपासा: वाळल्यावर मोबाइलवर फोटो काढून तो कृष्णधवल करा. उजेड आणि सावली स्पष्ट वेगळी दिसली तर रंगाचं काम झालं. सगळं एकाच करड्यात मिसळलं तर सावली कमी पडली आहे. फक्त सर्वांत खोल जागी, वळचणीखाली आणि जिन्याखाली, तोच रंग आणखी एकदा द्या.

## १०. शेवटच्या खुणा आणि पुन्हा पेन

२ नंबरच्या ब्रशने सात-आठ खुणा पुरेत: खिडकीच्या आतला अंधार, वाळत घातलेल्या कपड्यातला एक भडक तुकडा, कुंडीतली पानं.

मग पेन. कागद कोरडा ठणठणीत हवा, नाहीतर शाई फुटून केसाळ होते. फाइनलायनर रंगावर जोरात दाबू नका. डिंकासारखा थर टोकात शिरतो आणि पेन बंद पडतं. दर चार-पाच रेघांनी टोक कोऱ्या कागदावर फिरवा. वॉशखाली फिकी पडलेली जवळची रेघ थोडी गडद करा, आकाशातून तारा ओढा, आणि थांबा. बाजूची इमारत नुसत्या रेघेत राहू द्या. रंग चित्राच्या दोन-तृतीयांश भागापर्यंतच जाऊन विरला तरी चालतो.

## बाहेर बसून करताना

ऊन थेट कागदावर पडू देऊ नका. पांढऱ्या कागदाच्या चमकेत रंग फिका वाटतो, म्हणून गडद लावला जातो, आणि घरी आणल्यावर चित्र काळवंडलेलं दिसतं. सावलीत बसा. रविवारी सकाळी फोर्टात रहदारी कमी असते. तेव्हाही पेनाचं काम तिथे आणि रंगाचं घरी, ही विभागणी सोपी. जागेवर फक्त सावलीच्या कडा आणि रंगांची नावं चित्रावर पेन्सिलीने लिहून आणा.

जागेवरच रंगवायचं असेल तर क्रम उलटा करून बघा: आधी मोकळे फिकट वॉश, ते वाळल्यावर पेन. मग शाई वॉटरप्रूफ नसली तरी बिघडत नाही.

## बिघडलं तर

रेघ वाहिली: लगेच टिश्यू दाबून उचला, घासू नका. राहिलेला राखाडी डाग सावलीच्या आकारात सामावून घ्या.

फुलकोबीचा डाग: पूर्ण वाळू द्या, मग ओलसर ब्रशने फक्त त्याची कड मऊ करून टिपा.

रेघ दुधाळ झाली: वाळल्यावर तीच रेघ पुन्हा काढा. पुढच्या वेळी तो रंग वगळा.

वॉश फार गडद: स्वच्छ पाणी लावा, अर्धा मिनिट थांबा, टिश्यूने उचला. थॅलो निळ्यासारखे डाग धरणारे रंग निघत नाहीत, त्यांच्याशी झगडू नका.

कागद फुगला: चित्र पूर्ण वाळल्यावर मागून स्प्रेने हलकं ओलसर करा, दोन कोऱ्या कागदांमध्ये घालून बोर्ड आणि वजनाखाली रात्रभर ठेवा. पुढची बाजू ओली होता कामा नये, नाहीतर रंग वरच्या कागदाला चिकटतो.

## पावसाळ्यात

टेप काम झाल्याच्या दिवशीच काढा. दमट हवेत ती कागदात मुरते आणि निघताना वरचा थर घेऊन येते. काढताना बाहेरच्या दिशेने, स्वतःवरच दुमडत, हळू ओढा. उरलेला कागद सिलिका जेलच्या पुड्यांसह प्लास्टिकच्या बंद पिशवीत ठेवा आणि भिंतीला टेकवून ठेवू नका. रंगाची पेटी पूर्ण वाळल्याशिवाय झाकू नका, आठवड्यात बुरशी येते. चित्र फ्रेम करताना काच कागदाला टेकू देऊ नका; मध्ये माउंट बोर्डची चौकट हवी. नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात आतल्या ओलीने चित्र काचेला चिकटतं, आणि सोडवताना रंग काचेवरच राहतो.